खुनी आमच्या पातीचा

माझ्या कादंबरीत दोन शहरं आहेत. एकाकडे पाणी आहे पण उजेड नाही, दुसऱ्याकडे उजेड आहे पण पाणी नाही. दोन्हींच्या मधून एकच रस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक मोठा नळ आहे. तो रोज ठरल्या वेळी उघडायचा आणि बंद करायचा, एवढ्यासाठी एक माणूस नेमलेला आहे. पहिल्याच प्रकरणात त्या माणसाचा खून होतो. तिथून पुढे धूर, अर्धवट जळणारे दिवे, खोटं बोलणारी माणसं, आणि निवृत्तीला टेकलेला एक इन्स्पेक्टर, ज्याच्यावर दोन्ही शहरांतलं कुणीच विश्वास ठेवत नाही. काळ आपल्या पुढचा, कधीतरी येईल असा. पुण्याच्या प्रकाशकांनी मलपृष्ठावर तिला 'डिस्टोपियन रहस्यकथा' म्हटलंय. मी लिहिताना तिला नुसतं 'नळाची गोष्ट' म्हणत असे.

छापण्याआधी प्रकाशकांनी एक शंका काढली होती. दोन वैरी राज्यं आणि मध्ये फक्त एक रस्ता, हे जरा ओढूनताणून वाटत नाही का? मी फोनवर हसले. म्हटलं, तुम्ही एकदा देवासला या, मी तुम्हाला तो रस्ता पायी हिंडवून दाखवते.

आमच्या देवासात खरंच दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि हद्द गावातल्या रस्त्यामधून गेलेली. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता, पण त्या दोघींचं एकमेकींशी बरं चाललेलं आहे. राज्यं जाऊन पिढ्या लोटल्या. आता त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना साड्यांची आणि मोबाइलची दुकानं आहेत, आणि आपण कुठल्या पातीत उभे आहोत हे दुकानदाराला ठाऊक नसतं. मराठी घरांना मात्र ठाऊक असतं. सोयरीक जुळवताना पत्रिका नंतर बघतात, आधी विचारतात, कुठल्या पातीचे?

मी स्वतः धारची. तलावाच्या काठी वाढले, लग्न होऊन देवासला आले. सासऱ्यांनी नोकरीपायी इथं घर केलं होतं, त्यामुळे आमचं घर कुठल्याच पातीत मोडत नाही. याचा तोटा असा की आम्हाला मान कुणीच देत नाही, आणि फायदा असा की निमंत्रण दोन्हीकडून येतं. लेखकाला याहून सोयीची जागा मिळायची नाही, असं माझं मत आहे. माझी बरीच मतं अशी मला सोयीची असतात.

आता खरं सांगायचं तर ही कादंबरी मी एका माणसासाठी लिहिली. माझ्या लेकीसाठी. ती इंदूरला नोकरी करते, आणि अंधारी शहरं, पावसात भिजणारे डिटेक्टिव्ह, कुणाचाच भरवसा धरता येत नाही अशी राज्यं, हे सगळं ती परदेशी मालिकांतून जेवताखाता बघत असते. मला वाटलं, हेच मराठीत द्यावं, आणि आपल्या गावच्या मातीतून द्यावं, मग बघू कशी वाचत नाही ते. मराठी ती बोलते, भांडते, लाडीगोडी लावते. वाचत मात्र नाही. शाळा हिंदीतून, कॉलेज इंग्रजीतून, इथल्या सगळ्याच मुलांचं तसं. अक्षरं ओळखीची असतात, पण ओळ संपेपर्यंत अर्थ हातातून निसटलेला असतो. पुस्तकाची पहिली प्रत मी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं मुखपृष्ठाचा फोटो काढला, तो चार ठिकाणी टाकला, मला मिठी मारली आणि विचारलं, "आई, इसका ऑडिओ नाही का?"

मला फार लागलं ते. त्या दिवशीची पोळी जरा जाड झाली.

बाकीच्या वाचकांनी मात्र माझे लाड पुरवले. धारहून दादाचा फोन आला. त्यानं पहिली पन्नासेक पानं वाचली होती आणि तो भडकलेला होता. पाण्याचं शहर म्हणजे धार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. "साडेबारा तलाव कुणाचे? आपले. मग पाणी कुणाचं? आपलं. आणि तू लिहितेस की पाण्याच्या शहरात उजेड नाही. मतलब आम्ही काय अंधारात बसलोय का?" मी म्हटलं, दादा, ती शहरं पुढच्या काळातली आहेत. तो म्हणाला, मग तर अजूनच वाईट. धार जिल्ह्यातल्या मनावर गावच्या एका कापूस व्यापाऱ्यानं नंबर मिळवून फोन केला. त्यांचं म्हणणं, दोन शहरांत मिळून एकही मंडी दाखवलेली नाही, तर ही मंडळी खातात काय? प्रश्न रास्त होता. हाटपिपल्याच्या एका मावशींना इन्स्पेक्टरचं लग्न का झालं नाही याचीच रुखरुख लागून राहिली, आणि त्यांच्या नात्यात एक मुलगी आहे असंही त्यांनी सुचवलं. पुण्याच्या एका समीक्षकांनी सत्तेच्या स्वरूपावर बरंच काही लिहिलं. मला मनावरचा फोन जास्त आवडला.

देवासात मात्र पुस्तक कुणी वाचलं नाही. ते ऐकलं.

इथल्या जुन्या मराठी घरांत चातुर्मासात पोथी लागते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. म्हाताऱ्यांचे डोळे गेलेले, तरुणांना वाचता येत नाही, त्यामुळे ही रीत इथे चांगली टिकली आहे. थोरल्या पातीच्या एका काकूंनी, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, ठरवलं की आपल्या गावच्या बाईनं लिहिलंय तर यंदा रोजची पोथी झाल्यावर शनिवारी दुपारी हेच लावू. हे धाकट्या पातीत कळायला एक आठवडाही लागला नाही. तिकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, नाटकात कामं केलेले, गोड गळ्याचे. त्यांनी रविवारी दुपारी आपल्या घरी तेच पुस्तक लावलं. देवासात कुठलीही गोष्ट एकच कशी असेल?

पोथीचे नियम माझ्या खुनाच्या गोष्टीला लागू झाले. वाचनाआधी पुस्तकाला हळदकुंकू आणि फूल. मांडी घालून ऐकायचं, मध्ये उठायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाचन अशुभावर थांबवायचं नाही. पोथीत कुणी मरत असलं तर वाचणारा तिथे पोथी मिटत नाही, एखादी बरी ओवी येईपर्यंत पुढे जातो. माझ्या कादंबरीत बरी ओवी मिळणं कठीण. काकू पहिल्या शनिवारी नळवाल्याच्या प्रेतापाशी आल्या आणि शुभ काही सापडेना म्हणून वाचत राहिल्या, ते थेट इन्स्पेक्टरला एका घरी गरम भाकरी मिळते तिथपर्यंत. तोवर ऐकणाऱ्यांचे पाय मुंग्यांनी भरले होते.

दोन्हीकडे कुणी ना कुणी हे वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून आपापल्या ग्रुपवर टाकायला लागलं. माझ्या लेकीला तिचा ऑडिओ मिळाला. ती ऑफिसच्या बसमध्ये कानात घालून ऐकायची आणि मला संध्याकाळी फोन करायची. "आई, क्या लिहिलंयस तू! एकदम डार्क." मला आनंद होत नव्हता असं नाही. पण एक दिवस ती म्हणाली, "इन्स्पेक्टर इतका काढा का पितो गं? त्याला काही बिमारी आहे?" मी चमकले. माझा इन्स्पेक्टर दारू पितो. चांगली पितो. प्रत्येक साक्षीदाराला भेटून आला की एका कळकट गुत्त्यात जाऊन बसतो. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. काकूंच्या वाचनात तो त्याच गुत्त्यात, त्याच मिणमिणत्या दिव्याखाली, त्याच निराशेनं काढा पीत होता.

मी काकूंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "फूल वाहिलेल्या पुस्तकातून दारू कशी वाचायची गं? चव कडूच ठेवली आहे, अर्थ बदलत नाही." मी चिडून रेकॉर्डिंग ऐकणं बंद केलं. माझ्याच वाक्यांची अशी पथ्यं बघवेनात. ही माझी चूक झाली, कारण पुढे जे घडलं ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. लेकीनंही मध्येच काकूंना सोडलं आणि काकांचं रविवारचं वाचन धरलं. काकांचा आवाज तिला भारी वाटायचा, आणि त्यांचा इन्स्पेक्टर निदान काढा पीत नव्हता.

दोन्हीकडे समाप्ती झाली. पोथीसारखीच, पुरणाचा नैवेद्य दाखवून. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी दोन्ही पात्यांनी मिळून फराळ ठेवला आणि लेखिका म्हणून मला बोलावलं. टेकडीच्या पायथ्याचा हॉल होता. लेक इंदूरहून आली होती, मागच्या खुर्चीत बसली होती. टेबलावर माझ्या पुस्तकाच्या प्रती मांडल्या होत्या, बऱ्याच घरांतून आणलेल्या, प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं. मी खूश होते. आपल्या गावात आपलं असं कौतुक व्हावं, ते मला आवडतं, आणि आवडत नाही असं म्हणायचं ढोंग मी करत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. देवासकरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं की दिव्यांचं शहर म्हणजे थोरली पाती आणि पाण्याचं म्हणजे धाकटी. मी असं कुठेही लिहिलेलं नाही. पण दिव्यांचं शहर आधी वसलं एवढं एक वाक्य होतं, आणि त्यांना तेवढं पुरलं. आणि माझ्या पुस्तकात खुनी आहे दिव्यांच्या शहराचा दिवाण.

थोरल्या पातीचे एक आजोबा भाषणाला उभे राहिले. त्यांनी माझी स्तुती केली आणि म्हणाले, "शेवट ऐकून आम्हाला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, अभिमानही वाटला. असं डोक्यानं केलेलं काम आपल्याच दिवाणाच्या हातून व्हायचं."

धाकट्या पातीच्या रांगेतून एक जण आजोबांना म्हणाले, "भिया, गडबड होऊन राहिली. खुनी तर आमचा दिवाण आहे."

"तुमचा? तुमच्याकडे पाणी. तुमच्या दिवाणाला खून करायचं कारण काय?"

"कारण म्हणजे? नळवाला आमचं पाणी तुमच्याकडे जास्त सोडत होता. आमच्या दिवाणानं पकडला त्याला. सगळं ऐकलंय आम्ही."

"काय ऐकलंत तुम्ही? आमच्याकडे काकूंनी अक्षर न् अक्षर वाचलंय."

"आणि आमच्याकडे काय कहाणी सांगितली काय?"

मला आधी वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. सगळ्या जगात दोन गावं भांडली तर खुनी तुमचा, खुनी तुमचा, असं भांडतील. आमच्या देवासात दोन्ही बाजू खुनी आमचाच म्हणून हमरीतुमरीवर आल्या. मान सोडायला कुणी तयार नव्हतं. एका बाईंनी तर तुमच्या दिवाणाच्यानं कोंबडीसुद्धा मारवणार नाही असं समोरच्यांना सुनावलं. चिवड्याच्या वाट्या हातात तशाच राहिल्या.

शेवटी आजोबा माझ्याकडे वळले. "ताई, लिहिलंय तुम्ही. आता तुम्हीच सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि सभेकडे पाहिलं. पहिल्या रांगेत काकू ताठ बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे काका. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, पायाखालच्या सतरंजीकडे बघत होते. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की काकांनी माझा शेवट बदलला होता. आणि दुसरी, की या भरल्या हॉलमध्ये, एवढ्या हळदीकुंकवाच्या प्रतींत, वाचणारे दोघं सोडले तर पुस्तक डोळ्यांनी वाचलेलं जवळजवळ कुणीच नव्हतं. ज्यानं वाचलं असतं त्यानं जागेवरून उठून पान काढून दाखवलं असतं. कुणी उठलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला राग आला. काकांचा आला, सगळ्यांचाच आला. मग मागच्या खुर्चीतल्या लेकीकडे नजर गेली. ती पुढे झुकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता होती ती मी तिच्या लहानपणानंतर पाहिली नव्हती. तिलाही कळत नव्हतं खुनी कोण ते. तिलाही जाणून घ्यायचं होतं. माझा राग तिथल्या तिथे विरला आणि डोकं झपाट्यानं चालू लागलं.

"पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"ते झालं, पण कोण?"

"शेवटच्या चार पानांत आहे. ज्याला हवं त्यानं वाचावं. मी सांगणार नाही."

हॉलमध्ये नाराजीची कुजबुज झाली. आजोबा म्हणाले, ही कुठली पद्धत? मी म्हटलं, ही माझी पद्धत. आणि चिवड्याची वाटी उचलून बसले.

घरी येईपर्यंत लेकीनं मला सोडलं नाही. "आई, मला तरी सांग. मी किसी को नहीं बताऊंगी." मी नाही म्हटलं. तिनं काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, आईनं सांगितलं नाही तर मी कोण सांगणार? तिनं चहा घेतला नाही. "तू ना, एकदम जिद्दी आहेस," म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि तू कुणावर गेलीस? संध्याकाळच्या बसला ती निघाली तेव्हा तिनं माझ्याशी न बोलता टेबलावरची प्रत उचलली आणि पिशवीत कोंबली. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं. बस सुटल्यावर मात्र मला रडू आलं. का ते विचारायला जवळ कुणी नव्हतं, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. सून स्कूटरवरून घेऊन आली होती, ती फाटकाशीच थांबली. काकांनी शेवेची पुडी माझ्या हातात ठेवली आणि उभ्यानंच म्हणाले, "आपला अपराध झाला माझ्या हातून. खरं म्हणजे तोंडून."

"बसा तर खरं."

ते बसले. "आमच्या सूनबाई थोरल्या पातीच्या. दर रविवारी अगदी समोर बसून ऐकायच्या. शेवटच्या प्रकरणाला आलो, आणि दिसलं की खुनी त्यांच्या माहेराकडचा. आता माझ्या घरात, माझ्या तोंडानं, देवापुढे ठेवलेल्या पुस्तकातून, सूनबाईंच्या माहेरचा माणूस खुनी आहे असं चार लोकांत कसं म्हणायचं? जीभ वळेना. म्हटलं, खोट काढायची तर आपल्या घरात काढावी. केला आपला दिवाण खुनी."

"अहो काका, ती गोष्ट आहे. थोरल्या पातीचा काही संबंध नाही."

"गोष्टच आहे. पण समोर सूनबाई होत्या ना."

माझा दिवाण स्वतःच्याच शहराला जास्त पाणी देणाऱ्या नळवाल्याला मारतो, कारण लोकांची तहान भागली तर त्यांचं वैर संपेल आणि वैर संपलं तर दिवाणाचं काम संपेल. हे सुचायला मला फार दिवस लागले होते. माझ्या मते अख्ख्या पुस्तकात त्याच्याइतकं पक्कं काही नाही. आणि काकांनी ते एका सुनेपायी एका दुपारी मोडून टाकलं होतं. मी त्यांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच वाचीन असंही सांगितलं. मग मी चहा टाकला.

निघताना ते फाटकाबाहेर पुढे गेले तशी सून दोन पावलं मागे राहिली. हळूच म्हणाली, "मी पुस्तक आधीच वाचलं होतं, ताई. माहेरी आम्हाला मराठी शिकवली होती. मामंजींनी शेवट बदलला तेव्हा मला लगेच कळलं. त्यांना सांगू नका हं."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलणार? माझ्यासाठीच केलं ना त्यांनी." आणि तिनं स्कूटर सुरू केली.

त्यानंतर लेकीचे फोन बदलले. पूर्वी ती दिवसभराचं सांगायची. आता शब्द विचारायची. "आई, 'तगमग' मतलब?" मी सांगायचे. "'चाहूल'?" तेही सांगायचे. "पुढे कोण येतं?" याला मी फोन ठेवून द्यायचे. ती कुठवर आली आहे हे मला शब्दांवरून कळायचं, कारण कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते मला पाठ होतं. 'उंबरठा' विचारलं तेव्हा ती नळवाल्याच्या विधवेच्या घरी पोचली होती. 'गुत्ता' विचारलं आणि मग स्वतःच ओरडली, "म्हणजे तो दारू पितो! मला वाटलंच!" मध्ये बरेच दिवस काहीच आलं नाही. मला वाटलं, सुटलं हिच्या हातून. विचारावं असं फार वाटलं, पण विचारलं नाही. तेवढं धैर्य मी आयुष्यात क्वचितच दाखवलं असेल.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा फोन आला.

"संपलं," ती म्हणाली.

मी गॅस बारीक केला.

"दिव्यांचा दिवाण. काकांनी खोटं वाचलं होतं."

"हो."

"तुझा शेवट हुशार आहे, आई. बहुत हुशार. पण मला काकांचाच आवडला."

माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. इतके दिवस मी या फोनची वाट बघत होते, आणि तो आला तो हा. "का?" मी विचारलं, आणि माझा आवाज जरा चढलाच.

"काकांचा दिवाण शेवटी नळापाशी येतो. सगळ्यांसमोर सांगतो की चूक आमची झाली, आम्हाला माफ करा. तुझा तर मरेपर्यंत गप्पच बसतो. तुझ्या अख्ख्या पुस्तकात कुणी कुणाला सॉरी म्हणत नाही."

"अशा गोष्टींत म्हणत नाहीत. तू त्या मालिका बघतेस ना, त्यांत कुणी म्हणतं का?"

"त्या शहरांत नसतील म्हणत. ही तर आपली आहेत ना? इथे म्हणतात."

मी वाद घालायला लागले. माझ्या दिवाणाची बाजू मांडली, गप्प राहण्यातच त्याचा सगळा माज आहे हे समजावलं, आणि काकांनी त्याला मेणाचं करून टाकलं असंही म्हटलं. ती ऐकेना. म्हणाली, थांब, तुला दाखवते तू कुठे चुकलीस ते. पानं उलटल्याचा आवाज आला. ती म्हणाली, हे बघ, विधवेच्या दारात दिवाण उभा असतो, तिथे तूच लिहिलंस की त्याला बोलायचं होतं, आणि मग शेवटी तूच त्याला बोलू दिलं नाहीस. आणि तिनं ते वाक्य वाचायला सुरुवात केली.

हळू वाचत होती. जोडाक्षरापाशी अडत होती, मागे जाऊन पुन्हा धरत होती. एका ठिकाणी शब्द चुकला, मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. आतापर्यंत माझी वाक्यं मी काकूंच्या तोंडून काढ्यासकट ऐकली होती, लेकीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. भाजी खाली लागायला आली होती. मी गॅस बंद केला, ओट्यापाशी खाली मांडी घालून बसले आणि ऐकत राहिले. तिचं परिच्छेदभर वाचून झालं आणि ती म्हणाली, "बघ. तूच लिहिलंयस."

"अजून थोडं वाच," मी म्हटलं. "दिवाण अजून दारातच उभा आहे. इथे थांबायचं नसतं."